पाण्याला भिणारं चॉकलेट

[ | ] ओटा

चिमणीचं रक्त सांगत होतं की ती गहू खातेय. आणि त्या घरात गव्हाचा कणही शिरत नव्हता.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून चिमणीच्या आईने पोरीच्या आत्याला बोलावलं.

आत्या अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिथे तिला चाळण म्हणत, कारण बारीकसं काही तिच्या हातून निसटत नसे. दाराशी तिने चपला काढल्या, पर्स बाहेरच्या खुंटीला अडकवली, हात कोपरापर्यंत धुतले. या घराचा नियमच तसा होता. गव्हातलं ग्लूटेन चिमूटभर जरी पोटात गेलं, तरी चिमणीचं शरीर चवताळून स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडायचं.

आत्याने ओट्यावरून ओला बोळा फिरवला, नळीतल्या द्रवात घोळवला आणि त्यात बोटाएवढी कागदी पट्टी बुडवली. थोड्या वेळाने एक रेघ उमटली.

"एक म्हणजे काय?" भावजयीने, चिमणीच्या आईने, विचारलं. ती हल्ली सगळंच कुजबुजत बोलायची.

"एक म्हणजे पट्टी नीट चालतेय आणि गहू नाही. दोन आल्या तर आहे."

"दोन येऊ देत. ताई, कुठेतरी दोन येऊ देत हो."

आत्या चपापली. विष सापडावं म्हणून हात जोडणारी आई तिने आजवर पाहिली नव्हती.

[ | ] डबे [ | ] कढई [ | ] मिक्सर [ | ] भांडी पुसायचं फडकं

"डॉक्टर म्हणाले," भावजय एकेक डबा पुढे सरकवत बोलत होती, "कुठून तरी गहू जातोय असं सापडलं तर नशीब समजा. तो थांबवायचा, पोर सुधारेल. पण जातच नसेल, तर मग दुखण्याने वाईट वळण घेतलंय. या वयात सहसा घेत नाही, म्हणाले. पण घेतलं असेल, तर सोमवारपासून जोराचं औषध. त्याने अंगातली सगळी राखणच झोपते. मग साधी सर्दी जरी झाली..."

वाक्य तिथेच सुटलं. आज शनिवार होता.

"वजन?"

"फ्रॉक खांद्यावरून उतरतात. दोन वर्षं ठणठणीत होती हो. आम्ही एक दाणा चुकलो नाही. आणि आता सहा महिने हे."

एक रेघ. एक रेघ. एक रेघ. आत्याने इतकं स्वच्छ स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, आणि त्या स्वच्छतेची तिला भीती वाटू लागली.

भावजयीने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत आजी आणि बोका बोलत होते. बोका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, चिमणीचा बाप. लहानपणी दुधावरची साय चोरून खायचा, तेव्हापासून तो बोकाच.

"डॉक्टर आणखी एक म्हणाले. मला बाजूला घेऊन." भावजयीचा आवाज आणखी खाली गेला. "म्हणाले, कधी कधी घरातलंच कुणीतरी देत असतं."

"जाणूनबुजून?"

"ते नाही बोलले. पण हे सांगताना बघत माझ्याकडे होते."

[   ] उघडं पाकीट

ओट्याच्या खणात चॉकलेटच्या गोळ्यांचं पाकीट होतं. तोंड दुमडून कपड्यांचा चिमटा लावलेला. कुठल्याही दुकानात गेलात तर गल्ल्याशेजारी दिसतील त्याच या गोट्यांएवढ्या गोळ्या. पाकिटाच्या पाठीवर घटक छापलेले, त्यांत गहू नाही. चिमणीला बाहेरचं खायला मिळायचं ते एवढंच.

"हेही घ्या ना," भावजय म्हणाली.

"उघडं पाकीट नमुना होत नाही."

"घ्या हो. एकच तर पट्टी."

"अगं, उघड्यात कुणाचाही हात गेलेला असतो. त्यातून काही सिद्ध होत नाही. आमच्याकडे असलं कुणी आणलं तर आम्ही दारातूनच परत पाठवतो. सीलबंद हवं. मी आणते."

तिने खण बंद केला. पट्टी कोरडीच राहिली.

[ | ] [ | ] [ | ] बंद पाकिटं

तीन वेगळ्या दुकानांतून तीन पाकिटं. शेवटच्या दुकानात, कोपऱ्यावरच्या, तिने गल्ल्यावरच नळ्या मांडल्या.

"माझ्या दुकानात येऊन चॉकलेट बुडवून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच," दुकानदार म्हणाला. "चहा मागवतो. तोही बुडवून बघा."

"ही गोळी नेहमी इथूनच जाते ना आमच्या घरी?"

"जायची. आठवड्याला एक ठरलेलं. आता बरेच दिवस तुमची भावजय फिरकली नाही. मला वाटलं, पोरीला चॉकलेट बंद केलं. कशी आहे हो ती?"

"तपासतोय," आत्या म्हणाली.

उरलेली एक गोळी तिने तोंडात टाकली. लोण्यासारखी विरघळली. जिभेला कुठे कणही लागला नाही.

एक रेघ. एक रेघ. एक रेघ. कारखाना निर्दोष होता. म्हणजे आता घरातली माणसं उरली.

[ | | ] आजीचा रुमाल

दोन रेघा.

आत्याने पट्टी उजेडात धरली. दुसरी रेघ फिकी नव्हती, कुंकवासारखी ठसठशीत होती. रुमाल तिच्या स्वतःच्या आईच्या उशीखालचा. आणि ही आई गेली दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती की असला आजार नसतो, ही सगळी डॉक्टरांची पोटं भरायची थेरं आहेत.

"आई, यात काय बांधलं होतंस?"

आजीने उशी सारखी केली. मग म्हणाली, "बिस्किटं."

"कुणासाठी?"

"दात नाहीत म्हणून मऊ लागतं मला. शेजारणीकडे जाऊन खाते. दोन उरली की रुमालात. तुझ्या भावजयीने घरात बंदी केलीय ना, मग काय करू? म्हातारीने हवा खाऊन जगायचं?"

"आणि चिमणीला?"

"काय?"

"तिला दिलंस कधी? एखादं? तुला तर हे दुखणंच खोटं वाटतं."

"पोरी, तुझ्या जिभेला काही हाड? मी माझ्या जिभेसाठी चोरी केली असेल. नातीच्या जिवाची चोर नाही मी. तिचं पोट धरून रडणं पाहिलं त्या दिवशीच माझा गाढवपणा संपला. बाहेर मिरवते ती नुसती तोंडाची वाफ."

आत्याला विश्वास ठेवायचा होता, आणि म्हणूनच तिने ठेवला नाही. ती जुन्या गोष्टी पडताळू लागली. मध्यंतरी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभर आत्याकडेच राहिली होती. चिमणीचं पोट सगळ्यात जास्त बिघडलं ते त्याच महिन्यात.

आजी सुटली.

"विचारून झालं असेल तर एक सांगू?" आजीने रुमाल ओढून घेतला. "सगळीकडे सगळं संपतं बाई. साखर संपते, तेल संपतं, माणसं संपतात. आपल्या घरात एक चिमणीचं पाकीट तेवढं संपत नाही. लक्ष्मीच नांदतेय जणू त्या खणात!"

आत्या हसली. हसू ओठांवर असतानाच तिला कुठेतरी काहीतरी टोचलं. काय, ते कळलं नाही.

[ माणसाची पट्टी नसते ] चिमणी

"आत्या, तू मला पण बुडवणार?"

"तुला कशाला गं?"

"सगळ्यांना बुडवतेयस ना." ती खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मनगट इतकं बारीक की आत्याने नजर दुसरीकडे वळवली.

"मला एक सांग. तू गुपचूप काही खातेस का? मी रागावणार नाही."

"नाही. शप्पथ नाही."

"शाळेत कुणी काही देतं?"

"माझ्या शेजारी डबा घेऊन कुणी बसतच नाही. त्यांना वाटतं, मी मेले तर त्यांच्यावर येईल."

हे ती इतक्या सहज म्हणाली की आत्याने विषयच बदलला.

"मग तुला आवडतं काय खायला?"

"गोळ्या." मग जरा विचार करून, "त्या कधी कधी कुरकुरतात."

"कुठल्या?"

"पाकिटातल्याच." चिमणीने दाराकडे पाहिलं. दारात बोका उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "हो ना, बाबा?"

बोका हसला. "चला, औषधाची वेळ झाली," म्हणाला, आणि तिला उचलून आत घेऊन गेला.

[ | ] बोक्याचे कामावरचे कपडे

"काढू का चामडीसुद्धा?" बोका म्हणाला. "तीही बुडव."

"गप्प बस. कपडे स्वच्छ आहेत तुझे."

"असणारच. कारखान्याचे कारखान्यातच बदलतो. अंघोळ करतो, मग तिला हात लावतो."

आधी बोका दुधाच्या डेअरीत होता. पोरसवदा लागला तो तिथेच मोठा झाला. डेअरी बंद पडली आणि वर्षापूर्वी तो चॉकलेटच्या कारखान्यात लागला, गोदामात. चिमणीच्या गोळ्या बनतात त्याच कारखान्यात. तेव्हा त्याने सगळ्या घराला सांगितलं होतं, आता कसली काळजी नाही.

"तिथे गव्हाचं काही बनतं?"

बोक्याने मान खाली घातली. "वेफर बिस्किटं. गोळीच्याच लाईनवर. मला सहा-सात महिन्यांपूर्वी कळलं. ही कारखान्यातली गोष्ट मी घरी बोललो नाही. चिमणीची आई आधीच अर्धी झालीय काळजीने."

"पण सगळी बंद पाकिटं चांगली निघाली."

"आज निघाली! उद्याचं कुणी सांगितलं? ताई, पाकीट दिवसभराच्या कुठल्या मालातलं ते तुला कळतं का? लाईन साफ केल्यावरचा पहिला माल आणि संध्याकाळचा शेवटचा माल, दोन्हींवर चित्र तेच."

"साफ करतात ना पण?"

"कडक! वेफरचं काम संपलं की लाईन साफ, त्याशिवाय गोळी सुरूच होत नाही. साफ मशीन म्हणजे काय ते मला नको शिकवूस. आम्ही डेअरीत वाफेने, कढत पाण्याने नळ्या धुवायचो. आरसा! धुतल्यावरचं पहिलं दूध मी डोळे झाकून तान्ह्या पोराला पाजलं असतं."

"इथेही तसंच धुतात?"

"तसंच असणार की. मी गोदामवाला. आत टोपी घालून जायला मला कोण बोलावतंय?"

तो डोळ्यात डोळा घालून बोलत होता. खोटं बोलत नव्हता. आत्याला ते कळत होतं, आणि तरीही तिची शंका गेली नाही. लहानपणी साय खाऊन आला की तो असाच बोलायचा. खोटं नाही. फक्त पुरतं नाही.

[ रविवार ] वाटीतलं चॉकलेट

रविवारी दुपारी घरात एकही वस्तू तपासायची राहिली नव्हती. सोमवारची दवाखान्याची पिशवी दारात भरून ठेवली होती.

भावजय ओट्याशी उभी होती. काहीतरी गोड करून देते, म्हणाली, उद्यापासून तोंडाला चव राहणार नाही पोरीच्या. आधणाच्या पातेल्यावर वाटी ठेवून ती साधं चॉकलेट वितळवत होती. रेशमासारखं ढवळलं जात होतं. तिने शेजारचं झाकण उचललं, आणि झाकणावरचं पाणी, जेमतेम चमचाभर, वाटीत पडलं.

"गेलं!"

आत्या येऊन बघते तो वाटीत चिखल. ढवळेल तसा तो आणखी घट्ट, रवाळ, दगडासारखा होत चालला.

"पाणी लागलं की असंच होतं," भावजय रडकुंडीला आली. "चॉकलेट आणि पाण्याचं हाडवैर. एवढंसं करता येत नाही मला."

आत्या त्या चिखलाकडे बघत राहिली. मग खाली बसली. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसली.

[ ? ]

पाण्याने चॉकलेटचा दगड होतो, तर चॉकलेटची नळी कुणी पाण्याने धुईल का?

धूत नसतील, तर वेफरनंतर ती साफ कशाने करतात?

कुठलं पाकीट संपत नाही?

दुकानात कोण फिरकत नाही?

मऊ गोळी कुणाच्या तोंडात कुरकुरते?

आणि या घरात असं काय आहे, जे चाळणीतून गेलंच नाही, कारण चाळणीनेच त्याला दारातून परत पाठवलं?

[   ] उघडं पाकीट

तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. चिमणीलाही. खण उघडला, पाकीट ओट्यावर ठेवलं, चिमटा काढला.

"चिमणीच्या आईने दोनदा म्हटलं होतं, हे तपासा. जिला लपवायचं असतं ती असं म्हणत नाही. म्हणून ही सुटली. आजी कशी सुटली ते तिला माहीत आहे. दुकानदाराकडचं, कारखान्याचं बंद पाकीट, सगळं साफ. मग बंद पाकीट आणि चिमणीचं तोंड, यांच्यामध्ये कुणाचा हात येतो?"

तिने भावजयीकडे पाहिलं.

"अगं, तू पाकीट शेवटचं कधी आणलंस?"

भावजय आठवू लागली. आठवता आठवता तिचा चेहरा बदलला. "मी... खणात असायचंच. मला वाटलं, हे आणतात दुकानातून."

"बोक्या?"

बोक्याने ओट्याची कड धरली.

"पाकिटातल्या दुकानच्या गोळ्या तू टाकून दिल्यास आणि त्यात दुसऱ्या भरत राहिलास," आत्या हळू म्हणाली. "वेफरची गोष्ट कळल्यापासून. सहा महिने. बरोबर?"

"चांगल्या असतात त्या!" बोका ओरडला. "लाईन साफ केल्यावरचा पहिला माल! कुणी हात न लावलेला! निळ्या टोपल्यात वेगळा काढतात, विकायला पाठवत नाहीत. लागेल त्या कामगाराने घरी न्यावा. हिला पाकिटाबाहेरचं काही चालत नाही, म्हणून पाकिटात भरल्या. तिच्यासाठीच ना?"

"विकायला का पाठवत नाहीत, विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? पहिली धार ती. सायीसारखं. चांगलं ते बाजूला काढत असतील असं..."

त्याची नजर ओट्यावरच्या वाटीकडे गेली. चिखल आता पुरता आळला होता.

"ते धूत नाहीत, बोक्या. पाणी चालतच नाही तिथे. पुढचं चॉकलेट नळीत ढकलायचं, ते आधीचं सगळं पुसून बाहेर आणतं. वेफरचा चुरा, पीठ, सगळं. तो पुसून आलेला माल वेगळा काढायचा. मग स्वच्छ निघतो तो पाकिटात." आत्याने श्वास घेतला. "दुधात पहिलं ते सगळ्यात स्वच्छ. चॉकलेटमध्ये पहिलं म्हणजे पोतेरं. तू तिला रोज पोतेरं निवडून आणून दिलंस."

"नाही," बोका म्हणाला. "नाही ताई. बुडव. आधी बुडव."

तिने गोळी ठेचली. नळीत घोळवली. पट्टी बुडवली. पाच डोकी तिच्यावर वाकली.

पहिली रेघ उमटली.

वाट पाहिली.

[ | | ]

भावजय हसली. मोठ्याने, वेड्यासारखी, आणि हसता हसता तिने चिमणीला इतकं घट्ट धरलं की पोर "आई, आई, दुखतंय" म्हणू लागली. आजी पट्टी डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा विचारत होती, "दोनच ना गं? दोनच ना?" आत्याने डॉक्टरांना फोन लावला. गहू सापडलाय म्हणाली. डॉक्टरांनी तेच दोनदा विचारून घेतलं, आणि मग म्हणाले, औषध राहू द्या, उद्या नुसतं पोरीला घेऊन या.

बोका भिंतीला टेकून उभा होता.

"बाबा, मला माहीत होतं," चिमणी आईच्या मिठीतूनच म्हणाली. "कुरकुरणाऱ्या वेगळ्या असतात ते."

भावजयीची मिठी सैल झाली.

"मग बोलली का नाहीस गं?" आत्याने विचारलं.

"बाबा बघत बसायचा ना. मी खाताना. त्याला एवढं बरं वाटायचं."

आत्याने पर्समधून सीलबंद पाकीट आणलं, तपासलेल्यांच्याच जोडीचं, आणि ओट्यावर ठेवलं. कुणी हात लावला नाही. सगळे त्या पाकिटाकडे असे बघत होते, जणू आत काहीतरी जिवंत आहे.

"बाबा, फोड ना," चिमणी म्हणाली.

बोक्याने हात पुढे केला. मग मागे घेतला. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"थांब हं," तो म्हणाला. "हात धुऊन येतो."

तो मोरीत गेला. नळ सुटला. साबणाची वडी हातातून निसटल्याचा आवाज आला, मग पुन्हा पाणी. चिमणी पाकिटासमोर हाताची घडी घालून बसली. आजी म्हणाली, "अरे पुरे आता, ये." भावजय म्हणाली, "अहो, या ना."

आत पाणी वाहतच राहिलं.